नेट नसलेल्या संगणकावर टेसरॅक्ट बिल्ड करताना काय न्यायचं आणि कुठं अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला एका वाचनालयात डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) घातलेला संगणक आहे, रॅम ४ जीबी. त्याला इंटरनेट नाही आणि द्यायचंही नाही. त्यावर टेसरॅक्ट ५.५.० हा ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारा) प्रोग्रॅम सोर्स कोडपासून बिल्ड (तयार) करायचा आहे, म्हणजे मराठी आणि कन्नड छापील कागदांच्या स्कॅनमधून मजकूर काढता येईल. बेळगावातून पेनड्राइव्हवर डेब फाइली (डेबियनची पॅकेजेस) नेल्या की दर वेळी आणखी एखादं पॅकेज कमी पडतं. सगळं मिळालं असं वाटतं तोच कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) ‘सिंटॅक्स एरर’ दाखवून थांबतं.

दोन्ही अडचणींचं कारण एकच आहे. काय कमी पडतंय याचा शोध वाचनालयात बसून चाललाय. तो बेळगावातच, नेटवाल्या मशीनवर, मुद्दाम नेट तोडून घ्यायला हवा. पावसाळ्यात एका डेब फाइलीसाठी कणकुंबीहून परत यायचं नसेल, तर ही तालीम टाळू नका.

आज्ञा इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या. जिथं कॅपिटल अक्षर लागतं तिथं तसं सांगितलं आहे.

आधी एक सल्ला

डेबियन १२ च्या स्वतःच्या साठ्यात टेसरॅक्ट ५.३.० आहे. टेसरॅक्ट-ओसीआर, टेसरॅक्ट-ओसीआर-मार आणि टेसरॅक्ट-ओसीआर-कान ही तीन पॅकेजेस त्यांच्या डिपेन्डन्सींसह (त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजेससह) नेली की काम सुरू होतं. ५.३ वरून ५.५ वर गेल्यानं मराठी ओळखण्यात फारसा फरक पडेल अशी आशा धरू नका. ओळखीची अचूकता मुख्यतः भाषेच्या मॉडेल फाइलीवर ठरते, आणि ती प्रोग्रॅमपासून वेगळी असते. डेबियन ‘फास्ट’ प्रकारची मॉडेल्स देतं. त्यांच्या जागी ‘बेस्ट’ प्रकारची घातलीत तर वेळ जास्त लागेल, पण जुन्या छपाईवर फरक दिसण्याची शक्यता नव्या आवृत्तीपेक्षा इथं जास्त. तरीही ५.५.० च हवं असेल, कोडमध्ये काही बदल करायचा असेल किंवा ही रीत एकदा शिकूनच घ्यायची असेल, तर पुढं वाचा. रीत शिकलात की ती इतर सॉफ्टवेअरलाही लागू पडते.

यादी अंदाजानं करायची नाही

बहुतेक जण बेळगावातल्या लॅपटॉपवर ‘डाउनलोड-ओन्ली’ लावून पॅकेजेस उतरवतात आणि एपीटीच्या (डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या) कॅशमधल्या डेब फाइली उचलून नेतात. यातच फसगत होते. त्या लॅपटॉपवर जे आधीच बसवलेलं आहे ते एपीटी पुन्हा उतरवतच नाही. लॅपटॉपवर लिबपीएनजी (पीएनजी चित्रांची लायब्ररी) असेल तर तिची डेब येणार नाही, आणि वाचनालयातल्या मशीनवर नेमकी तीच नसेल.

त्यामुळं एपीटीला आपल्या लॅपटॉपची परिस्थिती न दाखवता त्या दूरच्या मशीनची दाखवायची. डेबियनमध्ये काय काय बसवलं आहे याची पूर्ण नोंद एकाच फाइलीत असते:

/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस

वाचनालयात जाऊन ही फाइल पेनड्राइव्हवर घ्या. जाता जाता ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ चालवून उत्तर लिहून ठेवा. एएमडी६४ आलं तर ठीक. आय३८६ आलं तर मशीन ३२ बिटचं घातलेलं आहे आणि सगळ्या डेब त्याच जातीच्या लागतील. (डेबियन १३ पासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच मिळत नाही, म्हणून अशा जुन्या मशीनवर १२ च राहू द्या.) ‘डेट’ ही आज्ञाही चालवून पाहा. तिचं कारण पुढं येईल.

आता नेटवालं मशीन. तेही डेबियन १२ च हवं, म्हणजे बुकवर्म. उबुंटूवरून उतरवलेल्या डेब चालणार नाहीत. लॅपटॉपवर विंडोज असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये डेबियन १२ घाला. कुणाचा तरी उसना लॅपटॉप असेल तर डेबियन १२ ची लाइव्ह पेनड्राइव्ह लावून त्यावरून चालू करा, म्हणजे त्याच्या हार्ड डिस्कला हातही लागत नाही. उतरवलेलं सगळं दुसऱ्या ड्राइव्हवर साठवा, कारण लाइव्हमध्ये लिहिलेलं रॅममध्ये राहतं आणि बंद करताच जातं.

सोर्सेसच्या यादीत मुख्य साठा, अपडेट्स आणि सिक्युरिटी हे तिन्ही आहेत ना ते पाहून ‘एपीटी-गेट अपडेट’ करा. होममध्ये ‘डेपो’ नावाचं फोल्डर करा आणि त्याच्या आत ‘पार्शल’ नावाचं रिकामं फोल्डर. ते नसेल तर एपीटी ‘आर्काइव्ह्ज डिरेक्टरी मिसिंग’ म्हणून सुरुवातीलाच अडून बसतं. मग:

सुडो एपीटी-गेट -ओ डिर::स्टेट::स्टेटस=/होम/मी/स्टेटस -ओ डिर::कॅश::आर्काइव्ह्ज=/होम/मी/डेपो --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स --डाउनलोड-ओन्ली इन्स्टॉल, आणि पुढं पॅकेजेसची नावं.

यात डिर, स्टेट आणि कॅश यांचं पहिलं अक्षर कॅपिटल. ‘मी’ च्या जागी तुमचं लॉगिन नाव. स्टेटस फाइलीचा रस्ता मुळापासून पूर्ण लिहा, अर्धा नको.

टेसरॅक्टसाठी पॅकेजेस ही: बिल्ड-इसेन्शियल, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग आणि लिबलेप्टोनिका-डेव्ह. टेसरॅक्टला लेप्टोनिका (चित्रं हाताळणारी लायब्ररी) १.७४ किंवा त्यापुढची लागते आणि डेबियन १२ मध्ये १.८२ आहे. तेव्हा लेप्टोनिका वेगळी बिल्ड करत बसू नका. टेसरॅक्ट ५ ला सी प्लस प्लस १७ समजणारा कंपायलर लागतो. डेबियन १२ मधला जीसीसी १२ त्याला पुरेसा आहे. मॉडेल स्वतः ट्रेन करायचा विचार असेल तरच लिबआयसीयू-डेव्ह, लिबपँगो१.०-डेव्ह आणि लिबकैरो२-डेव्ह जोडा. एरवी तो नुसता भार.

डेपोमध्ये आलेल्या फाइली पाहिल्यात तर कंपायलरबरोबर लिबसी६ (सी भाषेची मूळ लायब्ररी) सुद्धा आलेली दिसू शकते, ती मशीनवर आधीच असली तरी. लिबसी६-डेव्ह नेमक्या त्याच आवृत्तीची लिबसी६ मागते, एका आकड्याचाही फरक चालत नाही. वाचनालयातलं मशीन डेबियन १२ च्या सुरुवातीच्या डीव्हीडीवरून घातलेलं असेल तर तिथली लिबसी६ जुनी असणार. वेबवरून एकेक डेब निवडून नेणाऱ्यांचं घोडं बहुतेक याच ठिकाणी अडतं. स्टेटस फाइल दिली की हा हिशेब एपीटी स्वतः करतं.

काही फाइलींच्या नावात ‘%३ए’ असं काहीतरी दिसेल. ते कोलन चिन्हाच्या जागी आहे. नाव दुरुस्त करायला जाऊ नका.

हे सगळं हातानं करायचं नसेल तर एपीटी-ऑफलाइन नावाचं साधन आहे. दूरच्या मशीनवर ‘सेट’ करून मागणीची फाइल बनवायची, नेटवाल्या मशीनवर ‘गेट’ करून गठ्ठा उतरवायचा, परत जाऊन ‘इन्स्टॉल’ करायचं. साधन चांगलं आहे. मात्र ते आधी त्या नेट नसलेल्या मशीनवर बसवावं लागतं, आणि त्यासाठी एक खेप जास्त होते.

सोर्स कोड कसा न्यायचा

गिटहबवर प्रत्येक आवृत्तीखाली ‘सोर्स कोड’ नावाची झिप किंवा टार फाइल आपोआप बनवलेली असते. त्या फाइलीत सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसरे गिट साठे) येत नाहीत आणि टेसरॅक्टच्या बाबतीत तयार कॉन्फिगर स्क्रिप्टही नसते, ती ऑटोजेन नावाची स्क्रिप्ट चालवून बनवावी लागते. टेसरॅक्टचे सबमॉड्यूल फक्त चाचण्यांसाठी आहेत, त्यामुळं ‘मेक चेक’ करायचं नसेल तर ते नसले तरी अडत नाही. पण सगळीच सॉफ्टवेअर अशी नसतात. म्हणून सवय म्हणून ‘गिट क्लोन’ला --रिकर्स-सबमॉड्यूल्स आणि --ब्रँच ५.५.० लावा, आणि आलेलं फोल्डर टार करून (एका फाइलीत बांधून) न्या.

टार करूनच न्या, उघडं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकू नका. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये असते. त्यावर स्क्रिप्टची ‘चालवता येते’ ही खूण टिकत नाही, सिम्लिंक (दुसऱ्या फाइलीकडं बोट दाखवणारी नावं) टिकत नाहीत, आणि नावातल्या कॅपिटल-स्मॉलच्या फरकावर दोन वेगळ्या फाइली राहू शकत नाहीत. फॅट३२ वर ४ जीबीची एक अखंड फाइलही मावत नाही. तशी असेल तर ‘स्प्लिट’नं तुकडे करा आणि तिकडं ‘कॅट’नं जोडा.

डेपो आणि टार फाइली या दोन्हींसाठी नेटवाल्या बाजूलाच एसएचए२५६सम (फाइल बदलली का ते सांगणारा चेकसम) काढून एका फाइलीत ठेवा आणि पोचल्यावर -सी लावून तपासा. गिटहबच्या आपोआप बनणाऱ्या टार फाइलींचा चेकसम कायम तोच राहील असं धरू नका. २०२३ च्या जानेवारीत तो एकदा सगळीकडं बदलला होता, आणि बोंब झाल्यावर गिटहबनं बदल मागं घेतला. स्वतः काढलेला आकडा स्वतः जपा.

नेट तोडून तालीम

व्हर्च्युअलबॉक्समध्ये दुसरं एक डेबियन १२ घाला. शक्य असेल तर ज्या डीव्हीडीवरून वाचनालयातलं मशीन घातलं त्याच डीव्हीडीवरून, आणि इन्स्टॉल करताना तिथं निवडलेले पर्याय इथंही तेच निवडा. घालून झालं की सेटिंगमध्ये नेटवर्क अडॅप्टर ‘नॉट अटॅच्ड’ करा. मग फक्त पेनड्राइव्हवरच्या वस्तू वापरून बिल्ड शेवटपर्यंत न्या. इथं जे अडेल ते वाचनालयात अडणारच होतं.

एवढा खटाटोप शक्य नसेल तर निदान नेटवाल्या डेबियनवर ‘अनशेअर -आर -एन बॅश’ चालवा. उघडलेल्या शेलला नेटवर्कच नसतं. त्यात ‘लो’ हा घरातला इंटरफेसही बंद असतो, म्हणून काही चाचण्या उगाच पडतात. ‘आयपी लिंक सेट लो अप’ केलं की ते थांबतं. पॅकेज कमी आहे का हे मात्र या मार्गानं कळत नाही, कारण तिथं तुमच्या लॅपटॉपचीच पॅकेजेस असतात. बिल्ड मध्येच नेटवर जायचा प्रयत्न करतं का, एवढंच कळतं.

आणि बिल्ड गुपचूप नेटवर जातं, हे नक्की. याचं उदाहरण टेसरॅक्टमध्येच आहे. त्याची मॅन पानं (टर्मिनलमधली मदतीची पानं) अ‍ॅस्कीडॉक आणि एक्सएसएलटीप्रॉक वापरून बनतात. ही दोन्ही साधनं मशीनवर असली आणि डॉकबुकची स्टाइलशीट मात्र नसली, तर एक्सएसएलटीप्रॉक ती स्टाइलशीट तिच्या वेब पत्त्यावरून आणायला जातं. नेट असताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. नेट नसताना कंपाईल नीट पार पडून शेवटी मॅन पानावर मेक (बिल्ड चालवणारी आज्ञा) थांबतं आणि माणूस सी प्लस प्लसमध्ये चूक शोधत बसतो. उपाय सोपा: कॉन्फिगरला --डिसेबल-डॉक द्या. लिबकर्लचंही तसंच. टेसरॅक्ट ती वेब पत्त्यावरची चित्रं वाचायला वापरतं, म्हणजे तुमच्या कामाची नाही. ती नसेल तर कॉन्फिगर तिच्याशिवाय पुढं जातं.

प्रत्यक्ष बिल्ड

वाचनालयातल्या मशीनवर पहिलं काम घड्याळाचं. नेट नसलेलं मशीन आपली वेळ आपण दुरुस्त करत नाही, आणि जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर प्रत्येक वेळी चालू करताना तारीख कित्येक वर्षं मागं जाते. मग टार म्हणतं फाइलींची वेळ भविष्यातली आहे. कॉन्फिगर म्हणतं नवी बनवलेली फाइल जुन्या फाइलींपेक्षा जुनी निघाली, घड्याळ तपासा. मेक ‘क्लॉक स्क्यू’ म्हणून तेच तेच पुन्हा बनवत राहतं. साठ्याच्या रिलीज फाइली वापरत असाल तर एपीटीसुद्धा ‘अजून वैध नाही’ म्हणून त्या नाकारतं. सेल बदला, ‘डेट -एस’नं वेळ लावा, आणि ‘एचडब्ल्यूक्लॉक --सिस्टोएचसी’नं ती घड्याळात उतरवा.

डेपो ऑप्ट फोल्डरखाली कॉपी करा, त्यात जा आणि:

सुडो एपीटी इन्स्टॉल ./*.डेब

डॉट-स्लॅश विसरू नका. ते नसलं तर एपीटी त्या नावाचं पॅकेज साठ्याच्या यादीत शोधतं. ‘डीपीकेजी -आय’नंही बसतं, पण क्रम चुकला की मधली पॅकेजेस अर्धवट राहतात. एपीटी क्रम स्वतः लावतं. ‘अनसँडबॉक्स्ड’ असा इशारा आला तर सोडून द्या, त्यानं काही बिघडत नाही. सोर्सेसच्या यादीतल्या इंटरनेटच्या ओळींपुढं हॅश टाकून ठेवा, नाहीतर दर ‘अपडेट’ला तांबड्या ओळी येत राहतील. त्या मशीनला आतली केबल जोडलेली असेल आणि बाहेर नेट नसेल तर त्याहून वाईट: प्रत्येक पत्ता शोधताना ते बराच वेळ वाट पाहतं. बिल्डपुरती केबल काढून ठेवा, म्हणजे जे पडायचं ते लगेच पडतं.

आता टेसरॅक्टची टार साध्या लॉगिननं उघडा, सुडोनं नको. आत जाऊन ऑटोजेन.एसएच, मग कॉन्फिगर, मग मेक, मग सुडो मेक इन्स्टॉल, मग सुडो एलडीकॉन्फिग.

तुमचा ‘सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन’ कॉन्फिगरमध्ये येतोय. एररच्या ओळीत एव्हीएक्सचं नाव असेल तर ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह नाही. लेप्टोनिकाचं नाव असेल तर पीकेजी-कॉन्फिग नाही. ऑटोजेन चालतं तेव्हा या दोघांकडचे मॅक्रो (कोडचे तयार तुकडे) उलगडून कॉन्फिगरमध्ये भरायचे असतात. पॅकेज नसलं तर मॅक्रोचं नाव जसंच्या तसं शेल स्क्रिप्टमध्ये राहतं आणि शेलला ते कळत नाही. कॉन्फिगर फाइल उघडून ती ओळ दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. महत्त्वाचं हे की पॅकेज बसवल्यावर नुसतं कॉन्फिगर पुन्हा चालवून भागत नाही, ऑटोजेन पुन्हा चालवावं लागतं. पॅकेज बसवूनही तोच एरर येतोय म्हणून हात टेकणाऱ्यांचं बहुतेक एवढंच राहिलेलं असतं.

ऑटोजेन नेटवाल्या मशीनवरच चालवून, तयार कॉन्फिगरसकट टार करून नेता येतं. मग तिकडं ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल लागत नाहीत. पण फाइलींच्या वेळा जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. त्या उलटसुलट झाल्या तर मेकला वाटतं कॉन्फिगर जुनं झालं, आणि ते ‘एसीलोकल मिसिंग’ म्हणून थांबतं. टारमध्ये वेळा टिकतात, पेनड्राइव्हवर उघडं फोल्डर नेलं की बिघडतात.

४ जीबी रॅमवर ‘मेक -जे२’ पुरे. प्रोसेसरला चार कोअर आहेत म्हणून -जे४ किंवा त्याहून जास्त दिलंत, आणि शेजारी ब्राउझर उघडा असला, तर कंपायलर ‘किल्ड’ एवढंच म्हणून मरतो. ती कोडमधली चूक नसते, मेमरी संपलेली असते. आकडा कमी करून मेक पुन्हा चालवा, झालेलं काम वाया जात नाही.

मध्येच वीज गेली तर मात्र तसं नाही. बंद पडताना लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची राहू शकते, मेकला ती तयार वाटते, आणि शेवटी लिंक करताना भलताच एरर येतो. ‘फाइंड’ला -साइझ ० देऊन अशा .ओ आणि .एलओ फाइली काढून टाका, किंवा सरळ मेक क्लीन करून पुन्हा सुरू करा.

मेक इन्स्टॉलनंतर टेसरॅक्ट चालवलं आणि ‘लिबटेसरॅक्ट.एसओ.५ सापडत नाही’ आलं, तर एलडीकॉन्फिग राहिलंय.

मॉडेल फाइली

प्रोग्रॅम बसला तरी भाषा बसलेली नसते. मार.ट्रेन्डडेटा, कान.ट्रेन्डडेटा, इंग्रजीसाठी ईएनजी आणि पानाची दिशा ओळखायला ओएसडी, अशा चार फाइली /यूएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा मध्ये टाकायच्या. डेबियनच्या पॅकेजमधल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. सोर्सवरून बिल्ड केलेलं टेसरॅक्ट तिकडं पाहत नाही. ‘टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज’मध्ये नाव दिसलं की झालं.

गिटहबच्या यादीत फाइलीच्या नावावर उजवी क्लिक करून ‘सेव्ह लिंक’ केलं की मॉडेलऐवजी वेबपान उतरतं, आणि त्याला नाव मात्र मार.ट्रेन्डडेटा हेच असतं. फाइलीचं पान उघडून ‘रॉ’ किंवा डाउनलोडचं बटण वापरा, आणि बेळगाव सोडण्याआधी ‘फाइल’ ही आज्ञा लावून पाहा. उत्तरात एचटीएमएल आलं, किंवा आकार एमबीऐवजी केबीत असला, तर ते मॉडेल नव्हे.

आपल्याकडच्या कागदांवर अनेकदा एकाच पानावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी असतं. त्यासाठी -एल मार+कान+ईएनजी असं द्यायचं. पहिली भाषा मुख्य धरली जाते, म्हणून पहाणीसारख्या (जमिनीच्या उताऱ्यासारख्या) कन्नड कागदाला कान आधी लिहा. सगळ्या भाषा सगळ्या पानांना लावू नका, वेळ वाढतो आणि चुकाही वाढतात. स्कॅन ३०० डीपीआयचा घ्या. मोडीतल्या दप्तरांना याचा उपयोग नाही, टेसरॅक्टच्या अधिकृत मॉडेल्समध्ये मोडी नाही. पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर ओसीआर चुकलेलं नसून फाँट नाहीत. फाँट्स-देवा आणि फाँट्स-केएनडीए ही पॅकेजेसही डेपोत घालून ठेवा.

बाकीच्या प्रोग्रॅमिंग भाषांमधली सॉफ्टवेअर

पायथनमधून टेसरॅक्ट वापरायचं असेल तर पायटेसरॅक्ट आणि त्याला लागणारं पिलो न्यावं लागेल. नेटवाल्या बाजूला ‘पिप डाउनलोड’ करा, पण डेबियन १२ चं पायथन ३.११ आहे हे लक्षात ठेवा. लॅपटॉपवर ३.१२ असेल तर पिलोचं व्हील (पायथनचं तयार पॅकेज) ३.१२ चं उतरेल आणि तिकडं ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन’ येईल. --पायथन-व्हर्जन ३११ आणि --ओन्ली-बायनरी=:ऑल: लावून उतरवा. तिकडं --नो-इंडेक्स आणि --फाइंड-लिंक्स. डेबियन १२ थेट सिस्टिमवर पिप चालवू देत नाही, व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं फोल्डर) करावं लागतं, म्हणून पायथन३-व्हेन्व्हही डेपोत हवं. एखादं पॅकेज व्हील नसून नुसता सोर्स असेल, तर पिप बिल्डसाठी सेटअपटूल्स नव्यानं नेटवरून मागतं, ते मशीनवर आधी असलं तरी. सेटअपटूल्स आणि व्हील ही दोन्ही त्याच फोल्डरमध्ये ठेवलीत की प्रश्न मिटतो.

रस्टमध्ये ‘कार्गो व्हेंडर’ करा. ते शेवटी जो मजकूर छापतं तो .कार्गो फोल्डरमधल्या कॉन्फिग.टॉमल मध्ये टाकल्याशिवाय व्हेंडर केलेलं वापरलं जात नाही, आणि बिल्डला --ऑफलाइन द्या. डेबियन १२ मधला रस्ट कंपायलर १.६३ आहे, पुष्कळ नव्या प्रोजेक्टना तो जुना पडतो. गोसाठी ‘गो मॉड व्हेंडर’. गो १.२१ पासून गरज वाटली तर कंपायलर स्वतःची नवी आवृत्ती उतरवायला जातो, तेव्हा गोटूलचेन=लोकल ठेवा (नाव सगळं कॅपिटलमध्ये). सीमेकमध्ये फेचकंटेंट शब्द शोधा, तो दिसला की तिथं काहीतरी नेटवरून येणार हे समजा. मेसनला --रॅप-मोड=नोडाउनलोड. नोडचं प्रकरण सगळ्यात त्रासाचं, कारण पॅकेजेसच्या इन्स्टॉलनंतरच्या स्क्रिप्ट वेगळ्याच ठिकाणांहून तयार बायनरी उतरवतात आणि एनपीएमच्या कॅशमध्ये त्या येत नाहीत. तिथं तालमीला पर्याय नाही.

कंपायलर न नेताही जमतं

तालमीच्या मशीनवर बिल्ड पार पडलं तर ते झालेलंच आहे. तिथं ‘मेक इन्स्टॉल डेस्टडिर=/टीएमपी/टेस’ करा (डेस्टडिर सगळं कॅपिटलमध्ये), त्या फोल्डरची टार न्या, वाचनालयात मुळाशी उघडा आणि एलडीकॉन्फिग चालवा. तिकडं फक्त चालण्यापुरत्या लायब्ररी लागतील, त्यातली मुख्य लिबलेप्ट५. ‘एलडीडी’ला टेसरॅक्टचा रस्ता दिला की जे नाही त्यापुढं ‘नॉट फाउंड’ दिसतं. याला दोन अटी आहेत. तालमीचं मशीन डेबियन १२ च हवं, कारण नव्या ग्लिबसीवर (म्हणजे वर आलेल्या लिबसी६ वर) बनवलेली बायनरी जुन्या ग्लिबसीवर ‘जीएलआयबीसी व्हर्जन नॉट फाउंड’ म्हणून चालत नाही, आणि डेबियन १२ ची ग्लिबसी २.३६ आहे. शिवाय कंपायलरला -मार्च=नेटिव्ह दिलेलं नसावं, नाहीतर नव्या लॅपटॉपवर बनलेला प्रोग्रॅम वाचनालयातल्या जुन्या प्रोसेसरवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ देऊन बंद पडतो.

कोडमध्ये बदल करायचा नसेल तर तुमच्यासाठी हाच मार्ग सोयीचा. काम झाल्यावर स्टेटस फाइलीची ताजी प्रत घेऊन डेपोसोबत दुसऱ्या ड्राइव्हवरही ठेवा. पुढच्या वेळी सिक्युरिटी अपडेट न्यायची असतील तर वरच्याच आज्ञेत इन्स्टॉलच्या जागी अपग्रेड लिहायचं आणि ही प्रत द्यायची.